दिवा जळत होता

आमच्या वाडीतली विहीर बुजवून आता बरीच वर्षं झाली, पण अजूनही कुठे उघडं भोक दिसलं, गटाराचं असो नाहीतर टाकीचं, की मी दोन पावलं मागे सरकते. बरोबर कुणी असेल तर त्याचाही दंड धरून मागे ओढते. लोकांना वाटतं बाईंना खोलीची भीती आहे. तसं काही नाही, मी आमच्या इमारतीच्या गच्चीच्या कठड्याला टेकून खुशाल कपडे वाळत घालते. मला भीती वाटते ती खात्रीची. ‘काही होत नाही, आम्ही बघितलंय’ असं कुणी ठासून सांगितलं की मला तिथून पळून जावंसं वाटतं. आणि मी पोट भरलं ते मात्र मुलांना ठाम विचार करायला शिकवून. तीसेक वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. पोरांनी माझं नाव ‘लाल गोल’ ठेवलं होतं, कारण उत्तरपत्रिकेत जिथे जिथे ‘म्हणून’ यायचं तिथे मी लाल पेनानं गोल करायचे आणि बाजूला लिहायचे, ‘कशावरून?’ एक मुलगी वैतागून म्हणाली होती, “बाई, सारखं कशावरून कशावरून करत बसलं तर माणसानं जेवायचं कधी?” तिचं काही चुकलं नव्हतं. पण हे लाल गोल कुठून आले ते मी तिला सांगितलं नाही, तिलाच काय, कुणालाच नाही. ते वसईजवळच्या आमच्या पापडी गावात, एका मे महिन्यातल्या दुपारी सुरू झाले. तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

घरात आम्ही चौघं. बा, आय, माझ्याहून चार वर्षांनी मोठा भाऊ इनास, ज्याला मी दादा म्हणते, आणि मी. घरातली बोली आमची वेगळी. ती जशीच्या तशी कागदावर उतरवली तर वसईबाहेरचा माणूस दर ओळीला ठेचकाळेल, म्हणून पुस्तकी करून लिहितेय. बाचं ‘नाय’ आणि आयचं ‘गो’ तेवढं राहू दिलंय, ते काढलं तर ती दोघं मलाच ओळखू यायची नाहीत. घराच्या पुढे ओटी, मागे पडवी, आणि पडवीची पायरी उतरली की वाडी सुरू. केळी, पानवेली, बांधाच्या कडेनं मोगरा. उन्हाळ्यात पडवीबाहेर बांबूच्या मांडवावर राजेळी केळी सोलून सुकत घातलेली असायची, सुकेळीसाठी. त्यांचा गोड आणि जरासा आंबूस वास कपड्यांना, केसांना, माझ्या पुस्तकांनासुद्धा लागायचा. कॉलेजात शेजारची मुलगी माझी वही नाकाशी नेऊन हसायची. सकाळी देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, घंटेनं जाग यायची, मग चुलीपाशी तांदळाची भाकरी थापटण्याचा आवाज, भाजलेल्या सुक्या बोंबलाचा घमघमाट, आणि बाची हाक, “उठा, मोगरा वाट बघत नाय.” कळ्या उन्हं चढायच्या आत खुडून व्हायला लागायच्या. मला तो मोगरा अजून आवडत नाही, उगाच खोटं कशाला सांगू.

आणि इंजिन. मे महिन्यात वसईचं पाणी खोल जातं. मग वरून इंजिनाला पाणी खेचवत नसे, म्हणून बा आणि दादा ते दोरांनी विहिरीत उतरवून आतल्या दगडी कट्ट्यावर बसवायचे. पेट्रोलवर सुरू करायचं आणि मग रॉकेलवर चालवायचं, असं ते छोटं, चिडकं इंजिन. त्याच्या धुरासाठी एक नळकांडं वर आणलेलं होतं, पण ते एका सांध्याशी तडकलेलं होतं आणि बानं तिथे गोणपाट गुंडाळून तार आवळली होती. दिवसभर विहिरीतून त्याची फटफट यायची. ते थांबलं की सगळी वाडी एकदम बहिरी झाल्यासारखी वाटायची. थांबलं की कुणीतरी खाली उतरून ते पुन्हा सुरू करायला हवं. आणि विहिरीत उतरायची आमच्या घरात एक रीत होती, बाला त्याच्या बापाकडून आलेली. इंजिन बंद पडलं की लगेच उतरायचं नाही. आंब्याचा भला मोठा डहाळा दोराला बांधून विहिरीत सोडायचा आणि एकानं तो वरखाली, वरखाली करत राहायचं. ते करता करता रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, म्हणायची. वरच्यानं ‘नमो मरिये’चा पहिला अर्धा भाग म्हणायचा, उतरणाऱ्यानं दुसरा. अशा पन्नास झाल्या की मग कमरेला दोर बांधून उतरायचं, आणि उतरल्यावरही तोंड बंद ठेवायचं नाही. वरच्यानं पहिला भाग म्हणत राहायचं, खालच्यानं दुसरा.

हे कशासाठी, म्हणून मी लहानपणी विचारलं होतं. बा म्हणाला, “विहिरीत सैतान बसतो. तो नमो मरियेला भितो.” एवढंच. बाला कारणं देण्यात रस नव्हता. आठवीत असताना आम्हाला शाळेत शिकवलं की जळायला आणि जगायला हवेतलं एकच लागतं; दिवा विझला तर माणूसही गुदमरेल, दिवा जळला तर धोका नाही. मी घरी येऊन कंदील दोराला बांधून दाखवला. बा नाराज झाला नाही. “दिव्यानं काय बिघडतं,” म्हणाला, “तेही करू.” तेव्हापासून डहाळा, रोझरी, मग कंदील, मग माणूस, असा क्रम झाला. पण मला ते ‘तेही’ झोंबायचं. माझा दिवा सैतानाच्या रांगेत शेवटी उभा. त्यात कॉलेजात पहिल्याच वर्षी तर्कशास्त्र मिळालं आणि मी घरात अक्कल पाजळायला सुरुवात केली. जेवताना बाला कोंडीत पकडायचे. एकदा केळफुलाच्या भाजीवर बोट ठेवून विचारलं, “बा, तुझा सैतान दिव्याला भितो का रे?” दादा ताटात बघून हसायला लागला. बानं घास चावून गिळला आणि म्हणाला, “नाय. दिवा त्याला चालतो. दिवा बघून माणूस बेसावध होतो, ते त्याला बरंच आहे.” मी खो-खो हसले. आय म्हणाली, “बापाला हसू नये गो.” बाचं ते दिव्याचं वाक्य आज मी शब्दाशब्दाला तपासते आणि त्यात सैतानाखेरीज एकही चूक सापडत नाही.

त्या दिवशी पाच वाजता राजोडीहून माणसं यायची होती. दादासाठी मुलगी सांगून आली होती, आज ते घर बघायला येणार. आयनं सकाळपासून ओटी सारवली होती, बशा काढून ठेवल्या होत्या, सुकेळीतली उत्तम निवडून वेगळी केली होती. दादा घाबरलेला होता. त्यानं ती मुलगी राजोडीच्या सणाला एकदा लांबून पाहिली होती आणि मला तिचं वर्णन निदान दहा वेळा सांगितलं होतं, दर वेळी ती थोडी उंच व्हायची. पण अर्ध्या वाडीला पाणी द्यायचं राहिलं होतं. बा पार पलीकडच्या टोकाला पानवेलींत पाटाचं पाणी वळवत होता, दादा विहिरीशी, आणि मी विहिरीच्या जवळच आंब्याखाली पुस्तक घेऊन बसलेली. इंजिन दोन-तीन तास चालून खोकलं आणि बंद पडलं. लांबून बाची हाक आली, “पाणी थांबलं रे.” दादानं “बघतो” म्हणून ओरडून सांगितलं आणि डहाळा उचलला. रीतीप्रमाणेच. हे मी मुद्दाम लिहितेय. त्यानं डहाळा उचलला होता.

“ये, सुरू कर,” मला म्हणाला.

मी पुस्तकातून मान वर केली नाही. म्हटलं, “दादा, पन्नास म्हणेपर्यंत तुला आंघोळ करायलाही वेळ राहायचा नाही. कंदील सोड. जळला तर उतर.”

“आणि रोझरी?”

“दिव्याला लागतं तेच माणसाला लागतं. दिवा जळतोय म्हणजे हवा चांगली आहे. हवा चांगली आहे म्हणून तुला काही होणार नाही. ह्यात रोझरी कुठे बसते, दाखव मला.”

त्यानं हातातल्या डहाळ्याकडे बघितलं. दादा सातवीनंतर वाडीत लागला होता. माझी फी भरायला मोगरा विकायला जायचा आणि माझी पुस्तकं हात धुऊन उचलायचा. “तुला कळतं ते मला नाय कळत,” म्हणाला आणि डहाळा खाली ठेवला. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटायचं. कंदील पेटवून त्यानं दोरानं खाली सोडला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. कट्ट्यावर जाऊन तो टेकला, ज्योत सरळ, जराही हलली नाही. मी म्हटलं, “झालं?” त्यानं सवयीनं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक रहाटाच्या जुन्या खांबाला अडकवलं आणि भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांवरून उतरायला लागला. तो कमरेचा दोर तेवढा मी रद्द करायला विसरले होते.

“थोडा धूर आहे गो,” खालून म्हणाला. मी “हं” म्हटलं. हॅण्डल फिरवल्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा. मग आला नाही. मी वाचत होते. काय वाचत होते ते विचारू नका, मला ते पान अजून पाठ आहे आणि त्यावरचा विषय होता अनुमानातले दोष. मी ते पान संपवलं. हेही मी मुद्दाम लिहितेय: मी पान उलटलं. पुढच्या पानावर दोन-चार ओळी वाचल्यावर मला कसलातरी आवाज येत नाहीये असं वाटलं. रोझरी चालू असती तर त्याचं उत्तर आलं नाही हे मला एका श्वासात कळलं असतं. मला कळायला दीड पान लागलं.

उठून वाकले. दादा कट्ट्यावर इंजिनाला पाठ टेकून बसला होता, मान छातीवर, एक हात मांडीवर उताणा. त्या हाताशेजारी कंदील. ज्योत सरळ, पिवळी, स्वच्छ. आणि आता जे सांगते ते मला सगळ्यात जास्त घाबरवतं, दादा तसा दिसला त्याहूनही जास्त. मला वाटलं, बसलाय. दमलाय. मला चिडवतोय. कारण दिवा जळत होता. डोळ्यांसमोर माझा भाऊ निपचित पडलेला आणि मी त्या ज्योतीकडे बघून स्वतःला पटवत उभी, की दिवा जळतोय म्हणून तो ठीक आहे. “दादा, पुरे आता,” असंही म्हणाले. किती वेळ गेला त्यात, मला सांगता येणार नाही. मग त्याच्या मांडीवरचा हात घरंगळून खाली पडला आणि कंदिलाला लागला. कंदील कलंडला नाही. काचेला हात चिकटून राहिला आणि त्यानं तो काढून घेतला नाही.

मी किंचाळले तशी आय स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. बा चिखलाच्या पायांनी आला, विहिरीत बघितलं आणि कठड्यावर पाय टाकला. मी त्याच्या पायाला मिठी मारली. त्यानं मला लाथ मारली, खरीखुरी, ती मला दोन आठवडे दुखत होती. “सोड. पोरगा आहे माझा.” मी म्हटलं, “बा, दिवा जळतोय तरी तो पडलाय. खाली काय आहे ते आपल्याला ठाऊक नाय. मला ठाऊक नाय, बा.” त्या दुपारी माझ्या तोंडून निघालेलं पहिलं खरं वाक्य ते. बा थांबला तो माझ्या युक्तिवादामुळे नव्हे, तर शेजारचा पास्कूकाका कुंपणावरून उडी मारून आला आणि त्यानं खांबाचा दोर हातात घेतला म्हणून. आम्ही चौघांनी ओढायला सुरुवात केली. दोर इंजिनाच्या हॅण्डलमध्ये अडकला. दादा अर्धवट उचलला गेलेला, मान मागे पडलेली, आणि पुढे येईना. आय कठड्यावर पोटावर आडवी झाली, हात खाली सोडून दोराला हिसके देत राहिली आणि मोठमोठ्यानं नमो मरिये म्हणत राहिली. पहिला भाग आणि दुसरा भाग, दोन्ही तीच. त्या दुसऱ्या भागात आमच्या मरणाच्या वेळेचा उल्लेख येतो. तो आला की माझे हात गळायचे. शेवटी दोर सुटला.

वर आला तेव्हा त्याचे ओठ लाल होते, गालांवर रंग होता. आय म्हणाली, “बघा, चेहऱ्यावर तेज आहे, काय नाय झालेलं.” तीही खूण खोटी होती. त्याला केळीच्या घडांच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. तिथे एका दमलेल्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात उभं करून समजावलं, की इंजिनाच्या धुरात एक वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि दिव्याला त्यानं काही फरक पडत नाही. तो रक्तात शिरतो आणि हवेची जागा अडवून बसतो. “दिवा काय सांगतो, तर जळण्यापुरती हवा आहे. बाकी त्याला काय माहीत?” पुढे कितीतरी जाडजूड ग्रंथ वाचले, पण ज्ञानाविषयी ह्यापेक्षा नेमकं मला कुणी काही सांगितलं नाही. आपण ज्याला विचारतो तो विचारलं तेवढंच सांगतो. मी दिव्याला एक प्रश्न विचारला होता आणि दुसऱ्याचं उत्तर घेऊन आले होते.

चौथ्या दिवशी दादानं डोळे उघडले आणि आम्हाला ओळखलं. आयनं देवळात मेणबत्त्या लावल्या. मग हळूहळू लक्षात आलं की त्याच्यात नवीन काही राहत नाही. जुनं सगळं होतं, कुठल्या केळीला कधी घड आला इथपर्यंत. पण सकाळी जेवणाचं काय सांगितलं ते दुपारी नसायचं. राजोडीची माणसं त्या दिवशी पाचला आली होती म्हणे. सताड उघडं घर, बशांतली सुकेळी, माणूस कुणी नाही. नंतर त्यांनी निरोप पाठवला आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

दवाखान्यातच बानं मला विचारलं, “रोझरी म्हटली होती?” त्याचा आवाज अगदी साधा होता. मी म्हटलं, “हो.” भीतीनं म्हटलं, दुसरं काही कारण नाही. पण त्या एका शब्दानं मी काय केलं ते मला पुढे कळलं. बाच्या घरात तीन पिढ्या जे कधी चुकलं नव्हतं, ते माझ्या साक्षीमुळे खोटं ठरलं. त्यानं रोझरी हातात घेणं सोडलं. रविवारी देवळात मिस्साला जायचा, मागच्या बाकावर बसायचा, तोंड उघडायचा नाही. “म्हणूनही उपयोग नाय,” एवढंच एकदा आयला म्हणाला. पहिली चूक माझ्या अडाणीपणाची होती असं म्हणता येईल, ही दुसरी नव्हती. कुमसाराच्या, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करायच्या, रांगेत मी अनेकदा उभी राहिले आणि माझा नंबर आला की वळून घरी आले. बा गेला तेव्हा मी चाळीस वर्षांची होते आणि तोवर रोज सांगायची संधी होती.

मी रीतीभातीची वकिली करतेय असं कुणी समजू नये. त्याच बानं मला कावीळ झाली तेव्हा मनगटावर तापल्या सळईचा डाग देववला होता, त्याची खूण अजून आहे, आणि कावीळ आपल्या मुदतीनंच गेली. विहिरीत सैतान नव्हता. डहाळ्यानं साचलेली हवा ढवळली जायची, पन्नास नमो मरियांनी वेळ जायचा, आणि खालून येणारं उत्तर म्हणजे माणूस शुद्धीवर असल्याची खूण. बाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं आणि तरी त्याचं बरोबर यायचं. मला बरंच माहीत होतं. अडाणी माणूस विहिरीच्या काठावर थबकतो. उतरायला, नाहीतर दुसऱ्याला उतरवायला, थोडं तरी ज्ञान लागतं. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे, उदाहरण मात्र दुसरं द्यायचे.

वाडी पुढे विकली गेली. तिथे आता इमारत आहे आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर मी आणि दादा राहतो. लग्न मी केलं नाही. त्यागबिग काही नाही, भीतीच. दादाला दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडायची भीती. तो सत्तरी ओलांडून पुढे गेलाय, तब्येत ठणठणीत, माझ्या मागे मागे घरभर फिरतो. आठवड्यातून दोन-तीनदा तरी विचारतो, “मला विहिरीत काय झालं होतं गो?” आणि मी इतकी वर्षं सांगत आलेय, “पाय घसरला.” तो मान डोलावतो. “मी घाईच केली असणार,” म्हणतो.

ह्या मे महिन्यात इमारतीची जमिनीखालची पाण्याची टाकी धुवायला काढली. टँकर यायच्या आत व्हायला हवी होती आणि नेमकी लाईट गेली. मी स्वयंपाकघरात होते आणि खालून फटफट ऐकू आली. हातातलं पातेलं कुठे ठेवलं आठवत नाही. जिने उतरेपर्यंत ती थांबली होती. टाकीच्या तोंडाशी आमचे सेक्रेटरी सावंत, आणि टाकी धुणारा रमाकांत, नालासोपाऱ्यात राहणारा, चाळिशीचा माणूस. पेट्रोलचा पंप टाकीत उतरवून त्यांनी पाणी उपसलं होतं, आणि उरलेला गाळ काढायला रमाकांतनं एक पाय आत टाकला होता.

“बाहेर या,” मी म्हटलं.

सावंत हसले. “मॅडम, टेन्शन नका घेऊ. चेक केलंय आम्ही. ही बघा, मेणबत्ती सोडलीय खाली, मस्त जळतेय.”

मी वाकून बघितलं. जळत होती. सरळ, पिवळी. मी त्यांना धुराचं, वायूचं, रक्ताचं सांगायला लागले, पण ते दोघं माझ्याकडे न बघता मेणबत्तीकडेच बघत होते. सावंत म्हणाले, “पण मॅडम, ज्योत तर ओके आहे. धोका आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?”

माझाच प्रश्न. मागे चप्पल घासत दादा येऊन उभा राहिला होता, नेहमीसारखा. मी त्याचा हात धरून पुढे ओढला. “ह्याच्यावरून,” म्हटलं. “हा माझा भाऊ. ह्याला इथेच, त्या पार्किंगच्या जागी विहीर होती, तिच्यात मी उतरवलं. तो थांबत होता, मी थांबू दिलं नाही. दिवा जळत होता. तेव्हापासून ह्याला काल काय झालं ते आठवत नाही.” एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते बाहेर पडलं, आणि ते टाकी धुणाऱ्या माणसासमोर. रमाकांतनं माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे बराच वेळ बघितलं, आणि पाय वर काढून घेतला.

मी त्याला फाटकाजवळच्या आंब्याचा डहाळा तोडून आणायला सांगितलं. दोराला बांधला तर दादानं न सांगता तो हातात घेतला आणि टाकीत सोडून वरखाली करायला लागला. त्याच्या हातांना ते पाठ होतं. मग माझ्याकडे बघून थांबला, कसलीतरी वाट बघत. मी कित्येक वर्षांत प्रार्थना म्हटलेली नाही, माझा विश्वासही राहिलेला नाही. तरी पहिला अर्धा भाग म्हटला. दादानं दुसरा म्हटला, लगेच, खणखणीत, एकही शब्द न चुकता. रमाकांतनं टोपी काढली. सावंतांनी मोबाईल काढला, मग ठेवला. पन्नास पूर्ण केल्या. तोवर लाईट आली, टाकीच्या तोंडाशी पंखा लावून आणखी तासभर थांबलो, आणि मग रमाकांत कमरेला दोर बांधून उतरला आणि धडधाकट वर आला. सावंत म्हणाले, “बघा, काही नव्हतं.” असेलही. जी चूक झालीच नाही तिचा पुरावा कुठून आणायचा?

घरी येऊन चहा केला. बशीत सुकेळी काढली, ती आता बाजारातून आणतो. दादा म्हणाला, “खाली गर्दी कसली होती गो?” मी म्हटलं, “टाकी धुतली.” त्यानं चहा फुंकला आणि विचारलं, “मला विहिरीत काय झालं होतं गो?”

‘पाय घसरला’ जिभेवर आलं होतं. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यानं डहाळा उचलला होता ते, मी काय म्हटलं ते, पान उलटलं ते, बाला खोटं सांगितलं ते. तो सुकेळं चावत माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होता.

“दिवा जळत होता ना?” त्यानं विचारलं.

“हो.”

“मग तुझी काय चूक गो?” म्हणाला, आणि दुसरं सुकेळं घेतलं.

हजारो उत्तरपत्रिकांत मी असल्या निष्कर्षाभोवती लाल गोल केले असतील. हा मी तसाच जाऊ दिला आणि त्याच्या कपात चहा ओतला. रात्री जेवताना त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं. तो पुन्हा विचारील तेव्हा मी पुन्हा सगळं सांगणार आहे, आणि त्या वेळी तो काय म्हणेल ते मला ठाऊक नाही.